पाइप २५ चा, मूठ कितीची?

नाटकाच्या प्रॉपर्टीतल्या लाकडी तलवारी करायला घेतल्या आणि पाती अगदी सुरळीत झाली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चांगला प्लायवूड, धार असलेली करवत आणि पॉलिश पेपर असला की पातं होतं. सगळं घोडं अडलं ते मुठीत, चार बोटं मावतील एवढ्या तुकड्यात.

मुठीवर पीव्हीसी पाइप चढवायचा हे आधीच ठरलेलं होतं. नुसती लाकडी मूठ दोन-चार तालमींत उभी चिरते आणि कुसळं हातात जातात. वरून पाइपचं कवच असलं की आत लाकूड चिरलं तरी मूठ एकसंध राहते. शिवाय पाइप हलका, कापायला सोपा. इथपर्यंत सगळे सांगतात. पाइप शेपटीवर बसवायचा कसा, हे विचारलं की उत्तर येतं, ‘बसतो की!’ (शेपटी म्हणजे पात्याचा मागे निमुळता ठेवलेला भाग, जो मुठीच्या आत जातो.)

नाही बसत. माझी शेपटी १८ मिमी रुंद आणि १२ मिमी जाड. पाइपवर छापलेलं २५. कोणालाही वाटेल की आरामात जाईल. पण ते २५ बाहेरचं माप. दोन्ही बाजूंच्या भिंती वजा केल्या की उरतं ते आपलं. त्यातही चौकोनी शेपटी गोल भोकात घालताना रुंदी बघून चालत नाही, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप लागतं. १८ आणि १२ चं तिरकं माप येतं साधारण २१.६. भिंत दीड मिमीची असेल तर आतला व्यास २२, म्हणजे शेपटी जाते आणि किंचित खडखडते. भिंत २.३ ची असेल तर आत २०.४ आणि शेपटी तोंडाशीच अडकते. दोन्ही पाइपांवर आकडा तोच, २५!

यामागे कारण आहे, ते मान्य. बेंड, टी, कपलिंग हे सगळे जोड पाइपला बाहेरून बसतात. म्हणून बाहेरचा व्यास कायम ठेवतात आणि जास्त दाब सोसायचा असेल तर भिंत आतल्या बाजूने जाड करतात. नळजोडणी करणाऱ्याला तेवढंच हवं असतं. तलवार करणाऱ्याचा विचार कोणी केलेला नाही. इंचातल्या मापांची तर आणखी गंमत: शेड्यूल ४० चा (हा भिंतीच्या जाडीचा एक ठरलेला वर्ग) अर्धा इंची पीव्हीसी पाइप बाहेरून २१.३ मिमी भरतो, आणि गरम पाण्याचा अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप बाहेरून १५.९. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, तो दोघांच्याही बाहेरच्या मापात सापडत नाही. तेव्हा आकडा वाचू नका. व्हर्निअर कॅलिपर (आतलं-बाहेरचं माप अचूक घेणारी सरकती पट्टी) पाइपच्या तोंडात घाला, नाहीतर शेपटीच्या जाडीरुंदीचा एक लाकडी ठोकळा करून सोबत न्या आणि तो आत सरकवून बघा. मी आता ठोकळाच नेतो. लोक बघतात, बघू देत.

पातळ भिंतीचा पाइप मिळाला तरी अर्धंच काम होतं. गोल मूठ हातात फिरते. पात्याची धार कुठे आहे हे नटाला न बघता कळलं पाहिजे, आणि ते फक्त लंबगोल मुठीत कळतं. पाइप लंबगोल करायला उकळतं पाणी पुरतं, कारण पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. सीपीव्हीसी त्याहून जास्त तापमान सोसतं, त्यामुळे उकळत्या पाण्यात ते ढिम्म राहतं. या कामाला ते आणूच नका. हीट गन वापरणारे वापरतात, पण एकाच जागी धरली की पाइप तपकिरी होतो आणि जो धूर निघतो त्यात हायड्रोजन क्लोराइड असतं. घसा चुरचुरतो. पाणी बरं, त्यात पाइप जळण्याची भीती नाही.

तर शेपटीवर बटर पेपरचा एक वेढा द्यायचा, पाइपचा तुकडा मऊ होईपर्यंत पाण्यात ठेवायचा, जाड हातमोजे घालून शेपटीवर सरकवायचा आणि दोन सपाट फळ्यांमध्ये दाबायचा. फळ्यांच्या मध्ये दोन्हीकडे १७ मिमीचे ठोकळे ठेवा, म्हणजे पाइप त्याहून चपटा होत नाही. माझ्या मापात मूठ १७ जाड आणि जवळपास ३० रुंद झाली. हाताला अशी चपखल बसली की मी रिकामी मूठच घेऊन घरभर फिरलो. पूर्ण गार होईपर्यंत फळ्या सोडू नका. बटर पेपर कशासाठी, तर गार झाल्यावर पाइप काढता यावा आणि गोंदाला आत फट राहावी म्हणून.

गोंदाबद्दल जो तो सांगतो की पाइपचं सोल्युशन लाव. ते पीव्हीसीला पीव्हीसी जोडतं, दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. लाकूड त्यात विरघळत नाही, म्हणून पकड येत नाही. दोन भागांचं इपॉक्सी घ्या. पाइपची आतली बाजू खरखरीत पॉलिश पेपरने घासा, स्पिरिटने पुसा, वाळू द्या. फट मोठी असेल तर इपॉक्सीत लाकडाचा भुसा मिसळा. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: मुठीच्या मागच्या टोकाला शोभेचा जो गोळा असतो, तो मूठ बसल्यावर लावा. पाइपचं मागचं तोंड बंद असलं तर आत कोंडलेली हवा गोंद बाहेर ढकलते आणि सरकवलेला पाइप हळूहळू मागे येतो. गोळा आधीच चिकटवला असेल तर त्यात बारीक भोक पाडा.

गोंद कितीही चांगला असला तरी मूठ आणि शेपटी यांच्या आरपार एक भोक पाडून त्यात लाकडी खुंटी ठोका. मूठ नटाच्या हातात आणि पातं पहिल्या रांगेत, असं व्हायला नको. खुंटी रुंद बाजूच्या मधोमध घ्या. कडेला घेतली तर शेपटी तिथेच फाटते.

रंग द्यायच्या आधी पाइपची चकाकी घासून काढा, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात. घासताना पाणी लावून घासा आणि मास्क घाला. वरून सुती दोरी गुंडाळली की पाइप दिसतही नाही.

तयार तलवारी बंद गाडीत उन्हात ठेवू नका. तापवून दाबलेलं पीव्हीसी पुन्हा तापलं की मूळच्या गोल आकाराकडे जायला बघतं, आणि दोरीचे वेढे सैल पडायला तेवढं पुरतं.