टॉवरची निवड सेंटरपासून: शहापूरच्या सोप्यातील ५.१ चे काम कुठवर आले

बेळगावात शहापूरच्या आमच्या जुन्या घरातील सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीत, ५.१ सराउंड यंत्रणा (पाच स्पीकर आणि अगदी खालच्या स्वरांसाठी एक सबवूफर) उभी करण्याचे काम आता पुढच्या दोन टॉवर, म्हणजे फरशीवर उभ्या राहणाऱ्या उंच, स्पीकरपर्यंत येऊन पोहोचले आहे. टीव्ही आणि एव्ही रिसीव्हर (सर्व स्पीकरना आवाज वाटून देणारे यंत्र) आधीपासून घरात आहेत, तर सबवूफर आणि मागचे दोन स्पीकर अजून यायचे आहेत. टॉवर घेताना बहुतेक जण वूफर (खालचे स्वर काढणारा शंकू) किती इंची आणि पेटी किती उंच यापासून सुरुवात करतात. मी मात्र आधी त्याच मालिकेतील सेंटर, म्हणजे टीव्हीजवळ मधोमध बसणारा, स्पीकर पाहिला, मग खोली मोजली, आणि वूफरचा आकार शेवटी विचारात घेतला. हा क्रम अधिक उपयोगाचा का वाटला, ते येथे नोंदवत आहे.

चित्रपटातील बहुतांश संवाद सेंटरमधून येतात आणि पात्र पडद्यावर डावीकडून उजवीकडे गेले की त्याचा आवाज टॉवरमधून सेंटरमध्ये व तेथून दुसऱ्या टॉवरमध्ये जातो. तिन्ही स्पीकर एकाच घराण्याचे नसतील तर वाटेत आवाजाचा पोत बदलतो आणि कान लगेच अडखळतो. म्हणून टॉवर आवडला तरी त्याचा सेंटर पटला नाही, तर तो टॉवर माझ्या यादीतून बाद झाला.

बाजारातील बहुसंख्य सेंटर आडवे असतात. मध्ये वरच्या स्वरांचा ट्वीटर आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर. समोर बसणाऱ्याला दोन्ही वूफरचा आवाज एकाच वेळी पोहोचतो, पण बाजूला बसणाऱ्याला एक वूफर जवळचा आणि दुसरा लांबचा पडतो. दोन वूफरच्या केंद्रांत ३० सेंटिमीटर अंतर आणि ऐकणारा १४ अंश बाजूला असे धरले, तर दोन वाटांतील फरक सुमारे ७ सेंटिमीटर येतो आणि २,४०० हर्ट्झच्या आसपास दोन्ही वूफर एकमेकांना खोडू लागतात. वूफरचे काम त्याच्या बऱ्याच खाली थांबत असेल तर बिघडत नाही; पण साध्या टू-वे (फक्त वूफर आणि ट्वीटर असलेल्या) सेंटरमध्ये वूफर आणि ट्वीटर यांची वाटणी अनेकदा याच पट्ट्यात होते, आणि शब्दांची स्पष्टता ज्या व्यंजनांवर अवलंबून असते, तीही याच पट्ट्यात असतात. आमच्याकडे आई नेहमी कोचाच्या उजव्या टोकाला बसते आणि दर दहा मिनिटांनी "काय म्हटला रे तो?" असे विचारते. तिच्या जागेचा कोन मोजला तेव्हा तो साधारण १४ अंशच भरला, त्यामुळे हे गणित माझ्यासाठी कागदापुरते राहिले नाही.

त्यात आमच्या हवेची भर. मृगाचा पाऊस एकदा सुरू झाला की कौलांवर जो आवाज होतो, त्यात कुजबुजीचे संवाद बुडून जातात, कारण आमच्या कौलांखाली रिपा आणि वासे यांखेरीज काहीही नाही. एकूण आवाज वाढवला तर स्फोट आणि पार्श्वसंगीतही वाढते. सेंटरची पातळी मात्र रिसीव्हरमधून दोन-तीन डेसिबलने वेगळी चढवता येते. ती चढवल्यावरही सेंटर कर्कश होऊ नये, ही पावसाळ्यातली खरी कसोटी.

याच कौलांचा एक फायदाही आहे. काँक्रीटच्या स्लॅबखाली खालचा स्वर छत आणि फरशी यांच्यामध्ये कोंडतो. कौलांतून त्यातला बराचसा बाहेर निघून जातो. शेजाऱ्यांना तो फायदा वाटत नसावा, हा भाग निराळा. आडव्या दिशेला मात्र जाड भिंती कोणतीही सवलत देत नाहीत. सोपा १७ फूट लांब आणि ११ फूट रुंद आहे. ध्वनीचा वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४४ मीटर, भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागला की खोली पहिल्यांदा कोणत्या स्वराला घुमेल ते समजते. लांबीच्या दिशेने तो ३३ हर्ट्झ आणि त्याची दुप्पट ६६ हर्ट्झ, तर रुंदीच्या दिशेने ५१ हर्ट्झ येतो. कोच मागच्या भिंतीला टेकवला तर लांबीच्या दिशेचे हे दोन्ही स्वर तेथे सर्वाधिक फुगतात, म्हणून तो भिंतीपासून सहा फूट पुढे आणला आहे.

टीव्ही आखूड भिंतीवर असल्याने टॉवरमध्ये सात फुटांपेक्षा जास्त अंतर ठेवता येत नाही. तेवढे ठेवले तर प्रत्येक बाजूच्या भिंतीपर्यंत दोन फूट उरतात. टॉवरच्या रेषेपासून आठ फुटांवर बसले की प्रत्येक टॉवर मध्यरेषेपासून सुमारे २४ अंशांवर येतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत हा कोन ३० अंश आहे, तर डॉल्बी २२ ते ३० अंश चालवून घेते. अरुंद सोप्यात यापेक्षा अधिक मिळणार नाही. टॉवर आणि कोच यांच्यामध्ये फरशीवर नवलगुंदचा जमखाना अंथरला आहे. शहाबादी फरशीवरून उसळणारे वरचे स्वर त्याने काहीसे निवळतात. सुती आणि पातळ असल्याने खालच्या स्वरांवर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

आता ताकदीचा हिशेब. संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर स्पीकर किती मोठा वाजतो ते, २.८३ व्होल्टला एक मीटरवर मोजतात. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये तेवढ्या व्होल्टला एक वॅट जातो, ४ ओहमच्या स्पीकरमध्ये दोन. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरचा आकडा कागदावर ३ डेसिबलने आपोआप चढतो. शिवाय काही कंपन्या खोलीत मिळणारी वाढ धरून आकडा देतात. चित्रपटगृहाच्या संदर्भपातळीत मुख्य स्पीकरची शिखरे १०५ डेसिबलपर्यंत जातात, पण घरात त्यापेक्षा दहा डेसिबल खाली ऐकले तरी पुष्कळ होते. माझ्या बैठकीपासून टॉवर साधारण २.७ मीटरवर आहे, म्हणजे खोलीची मदत न धरता सुमारे साडेआठ डेसिबलची घट. ९५ डेसिबलच्या शिखरासाठी ८७ डेसिबलच्या टॉवरला ४५ वॅट लागतात, ९८ डेसिबलच्या टॉवरला चार वॅटही लागत नाहीत. रिसीव्हरच्या खोक्यावरील वॅट बहुधा दोनच चॅनेल चालू ठेवून मोजलेले असतात, हे लक्षात घेऊनही ४५ वॅट साध्या रिसीव्हरच्या आवाक्यात आहेत. म्हणून संवेदनशीलतेच्या आकड्याला मी फारसे वजन दिले नाही; मोठ्या सभागृहासारख्या खोलीत हाच निकाल उलटा लागला असता.

यादीत शेवटी तीन नावे उरली. क्लिप्श आरपी-८००० एफ मध्ये दोन आठ इंची वूफर आणि हॉर्नमध्ये बसवलेला ट्वीटर आहे, आणि संवेदनशीलता ९८ डेसिबल सांगितली जाते. चित्रपटाचा दणका हवा असणाऱ्याने आणि खोली मोठी असणाऱ्याने तोच घ्यावा. डाली ओबेरॉन ५ मध्ये दोन सव्वापाच इंची वूफर, ८८ डेसिबल आणि ६ ओहम. हा ऐकणाऱ्याकडे न वळवता सरळ ठेवावा असे कंपनीच सांगते, आणि कोचभर सारखा आवाज पसरवण्यात तो चांगला आहे. तिसरा २०१७ सालच्या मालिकेतील केईएफ क्यू५५०. केईएफची युनि-क्यू रचना १९८८ पासूनची. तीत ट्वीटर मधल्या स्वरांच्या शंकूच्या केंद्रातच बसवतात, त्यामुळे दोन्हींचा आवाज एकाच बिंदूतून निघाल्यासारखा येतो. याच मालिकेतील क्यू६५०सी सेंटर आडवा असला तरी त्याच्या मध्यभागी हेच युनि-क्यू आहे, म्हणून आईच्या कोपऱ्यात होणारी खोडाखोड त्यात बरीच टळते. पुण्यात ऐकताना मी मुद्दाम तीन फूट बाजूला बसलो, तेव्हा निवेदकाचे शब्द तितकेच स्वच्छ आले.

निवड क्यू५५०ची झाली. त्याची मोजलेली खालची मर्यादा ५८ हर्ट्झ आहे आणि टॉवरसाठी ती वर आहे, हे मान्यच. पण रिसीव्हरमध्ये मुख्य स्पीकर 'स्मॉल' ठरवून ८० हर्ट्झखालचे सारे सबवूफरकडे द्यायचे असेल, तर ३५ हर्ट्झपर्यंत पोहोचणाऱ्या मोठ्या पेटीला दिलेले पैसे वापरलेच जात नाहीत. मग बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर, का नकोत? स्टँडची किंमत आणि जागा धरली तर फरक थोडा उरतो, आणि ८० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात टॉवरला दम न लागता गाता येते. जवळच्याच सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे ध्वनिमुद्रण लावले की तानपुऱ्याची भरण आणि गळ्याचे वजन याच पट्ट्यात जाणवते.

या टॉवरला पोर्ट, म्हणजे पेटीतली हवा आत-बाहेर जाण्याचे भोक, नाही; त्याऐवजी दर्शनी बाजूस दोन निष्क्रिय शंकू आहेत, जे वीज न घेता पेटीतल्या हवेने हलतात. मागे पोर्ट असता तर भिंतीपासूनचे अंतर अधिक जपावे लागले असते, आणि कौलारू घरात आणखी एक ताप होतो: कुंभारीण माशी पोर्टमध्ये मातीचे घर बांधते. ज्यांच्याकडे पोर्टचे स्पीकर आहेत त्यांनी पावसाळ्यात ते कापडी जाळीने झाकून ठेवावेत. जुने स्पीकर घेणाऱ्यांनी शंकूच्या कडेची फोमची किनार बोटाने हलके दाबून पाहावी. दमट हवेत ती भुगा होऊन पडते, रबराची टिकते. पेटी एमडीएफची (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीची) असल्याने खालची कड ओलीला लागू न देणेही आवश्यक आहे. टॉवरच्या तळाच्या टोकदार खिळ्यांनी फरशीला चरे पडू नयेत म्हणून उद्यमबागेतील एका लेथवाल्याकडून मध्ये खळगा असलेल्या पितळी चकत्या करून घेतल्या, आणि टॉवर त्यांवर उभे आहेत.

आता मापनाचे काम बाकी आहे. टॉवरचा दर्शनी भाग त्याच्यामागच्या, टीव्हीच्या भिंतीपासून तीन फुटांवर असल्याने भिंतीवरून परतणारा आवाज ९४ हर्ट्झच्या सुमारास मूळ आवाजाला खोडणार, असे गणित सांगते. मायक्रोफोन बैठकीच्या जागी ठेवून तो खड्डा आलेखात खरोखर दिसतो का, ते सबवूफर आल्यावर पाहीन. दिसलाच तर टॉवर अर्धा फूट पुढे घेऊन तो ८० हर्ट्झवर, म्हणजे सबवूफरची मदत मिळते त्या सीमेवर, आणता येईल. त्याहून पुढे घेतल्यास माजघराचे दार पुरते उघडत नाही, त्यामुळे साडेतीन फूट ही शेवटची मर्यादा राहील.