भाषाशास्त्राचा इंग्रजी शिकवायला काय उपयोग? तुम्ही विचारलंत म्हणून

"एवढं भाषाशास्त्रात एम.ए. केलंस आणि शेवटी झेडपीच्या शाळेत इंग्रजीच शिकवतेस ना, मग त्याचा उपयोग काय?" हे मला लग्नकार्यात विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात, ट्रेनिंगला शेजारी बसलेलं कुणीही विचारतं. आत्तापर्यंत मी "होतो की" म्हणून विषय बदलायचे. आता एकदा नीट सांगते.

सहावीच्या वर्गावर तपासणीला एक साहेब आले होते. त्यांनी एका मुलीला उभं करून धडा वाचायला लावला. पोरगी हुशार, अजिबात न अडखळता वाचत होती, "माय शिस्टर इज शिंगिंग". साहेब हसले, मग वर्ग हसला. "शिस्टर नाही गं, सिस्टर! मॅडम, काय शिकवता काय?" मला बोलले त्याचं काही नाही, पण ती मुलगी खाली बसली आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिने वर्गात तोंड उघडलं नाही. हीच मुलगी 'पानी' म्हणते म्हणून मराठीच्या तासाला आधीच हसं झालेलं. म्हणजे घरची भाषा मराठीतही चूक आणि इंग्रजीतही चूक. तिने बोलायचं कुठे?

आता त्या 'शिस्टर'कडे बघा. आपण म्हैस म्हणतो पण म्हशी, दिवस पण त्या दिवशी. स च्या पुढे इ-ई आली की मराठी बऱ्याचदा त्याचा श करते, अशा शब्दांत प्रमाण मराठी सुद्धा. गावाकडे शिनेमा, शिमेंट म्हणतात ते याच नियमाने. ती मुलगी निष्काळजी नव्हती, तिच्या भाषेचा नियम तिने इंग्रजीला लावला इतकंच. साहेब 'म्हशी' म्हणताना तोच नियम पाळतात, फक्त त्यांना कुणी हसत नाही.

मी नंतर फळ्यावर म्हैस-म्हशी, दिवस-दिवशी लिहिलं आणि विचारलं, स कुठे गेला? पोरं तुटून पडली. एक जण म्हणाला, मॅडम घसा-घशात, तिथे तर इ पण नाही! बरोबर होतं त्याचं. मग घोडा-घोड्यात काढलं, त्या हिशोबाने घस्यात व्हायला हवं, तो य स ला चिकटला आणि श झाला, हे त्यांनीच शोधलं. त्यानंतर सीट-शीट, सिप-शिप अशा जोड्या ऐकवल्या, आधी नुसतं ओळखायचं, बोलायचं नंतर. ध्वनिशास्त्र म्हणतात ते वर्गात आलं तर असं येतं, कुणाला 'फोनीम' (शब्दाचा अर्थ बदलणारा ध्वनी) हा शब्द सांगावा लागत नाही.

वाक्यरचनेचंही तेच. मुलांच्या वहीत 'माय नियर पेन इज' वाचून लोक कपाळाला हात लावतात. पण मराठीत मला भाऊ आहे, घराला दोन दारं आहेत, माझ्याजवळ पेन आहे, म्हणजे कुठे 'ला' तर कुठे 'जवळ', आणि इंग्रजीत तिन्हीकडे एकच 'हॅव'. ही तिन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून दाखवली की मुलाला कळतं आपण कुठे घसरतो, नाहीतर नुसतं लाल पेनने खोडून त्याला काय कळणार?

एम.ए. करताना मला वाटायचं की दोन भाषांमधले फरक मांडले की चुका कुठे होणार ते आधीच कळेल, अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट लाडोने 1957 मध्ये साधारण हेच मांडलं होतं. वर्गात तसं होत नाही. मुलं 'वेन्ट'ऐवजी 'गोएड' म्हणतात, त्याचा मराठीशी काही संबंध नाही, इंग्रजी घरातली लहान पोरं पण म्हणतात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डरने 1967 मध्ये लिहिलं की चूक ही शिकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय त्याचा पुरावा असते. म्हणजे मूल इंग्रजीचा नियम स्वतः बांधतंय, तेव्हा रागवायचं की खूश व्हायचं? मी खूश होते. पालक वही बघून रागावतात आणि त्यांना समजावताना मी दर वेळी कमी पडते.

आणि हो, हे माहीत नसलं तर इंग्रजी शिकवताच येत नाही असं मी म्हणत नाहीये. आमच्याच शाळेतले एक सर गाणी-गोष्टींवर शिकवतात, भाषाशास्त्राचं नाव घेत नाहीत, आणि त्यांची मुलं माझ्या मुलांपेक्षा धीटपणे बोलतात. हे मला बोचतं. मी त्यांना म्हणते तुमचं मूल एका जागी अडकलं की तुम्ही काय करता, ते म्हणतात पुन्हा म्हणून घेतो, आणि बऱ्याचदा ते जमतं पण. बऱ्याचदा, सगळ्यांचं नाही. जी उरतात त्यांच्यासाठी मला माझं शिक्षण लागतं, पण चाळीस पोरांच्या वर्गात आणि पोर्शन संपवायच्या घाईत त्या उरलेल्यांपर्यंत मी तरी रोज कुठे पोचते? ती मुलगी आता सिस्टर नीट म्हणते. पाहुणे आले की वाचायला मात्र उभी राहत नाही, आणि त्याला भाषाशास्त्राची कुठली शाखा लावायची ते मला अजून सापडलेलं नाही.