लूर्दचा रग्बी क्लब

लूर्द म्हटलं की सगळ्यांना मदर मेरीचं तीर्थक्षेत्र आठवतं, पण पिरेनीजच्या पायथ्याच्या या छोट्या गावाचा रग्बी क्लब तब्बल ८ वेळा फ्रान्सचा चॅम्पियन झालाय, १९४८ ते १९६८ मध्ये, आणि आज तो टॉप १४ या फ्रान्सच्या सर्वात वरच्या रग्बी लीगपासून कितीतरी खाली खेळतो हे बघून खरंच वाईट वाटतं. त्यांचा ज्याँ प्रा म्हणजे काय प्लेयर होता! १९५४ ला फ्रान्सने ऑल ब्लॅक्सना, म्हणजे न्यूझीलंडच्या टीमला, पहिल्यांदा हरवलं, ३-०, तो एकमेव ट्राय (बॉल प्रतिस्पर्ध्याच्या गोल लाइनपलीकडे जमिनीला टेकवून मिळवलेले पॉइंट्स) त्याचाच. शेवटचं टायटल १९६८ चं, फायनलमध्ये तूलाँ क्लबशी ९-९ बरोबरी, एक्स्ट्रा टाइम खेळूनही सुटेना, मग जास्त ट्राय म्हणून लूर्द जिंकलं. प्रोफेशनल रग्बीत पैसा मोठ्या शहरांकडे गेला, छोटी गावं मागे पडली. तरी क्लब टिकून आहे, मला त्याचंच जास्त कौतुक.