थिंकपॅड टी४३० पुन्हा विंडोज ७ वर : माझा अनुभव

थिंकपॅड टी४३० हा २०१२ सालचा लॅपटॉप. मुळात विंडोज ७ वाला, नंतर त्यावर विंडोज १० टाकलेलं. तो परत ७ वर नेला तो एका जुन्या देवनागरी डीटीपी (पानं मांडण्याच्या) पॅकेजसाठी. ते डोंगलवर (परवान्यासाठी पोर्टमध्ये लावायच्या छोट्या उपकरणावर) चालतं आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर विंडोज १० वर बसत नाही. पॅकेजच्या फायली युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात) नसल्याने दुसरीकडे उघडल्या की नुसती अगम्य अक्षरं दिसतात. अशी गरज असेल तरच हा खटाटोप करावा. विंडोज ७ चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपले. बँकेचे व्यवहार आणि मेल या मशीनवर करू नयेत.

विंडोज १० चढवल्यावर पहिले दहा दिवस सेटिंग्जमधूनच मागे जाता येतं. मुदत सरली की जुन्या विंडोजच्या फायली आपोआप पुसल्या जातात. मग राहतो तो कोरा इन्स्टॉल, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं.

फॉरमॅटआधी तीन गोष्टी हाताशी हव्यात. एक, लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवरची विंडोजची प्रॉडक्ट की (परवान्याचा क्रमांक). शाई पुसट होते, म्हणून तिचा फोटो काढून ठेवला. की प्रोफेशनलची असेल तर होम प्रीमियमच्या डिस्कवर ती चालत नाही. दोन, सगळ्या डेटाची बाहेरच्या डिस्कवर प्रत. तीन, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम). विंडोज ७ च्या डिस्कमध्ये या मशीनच्या वायफायचा आणि लॅनचा ड्रायव्हर असेलच असं धरून चालू नये, आणि नेट नसेल तर ड्रायव्हर आणायचा कसा? म्हणून चिपसेट, लॅन, वायफाय, यूएसबी ३.० आणि ग्राफिक्स असे सगळे आधीच वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेतले. सोबत फायरफॉक्स ईएसआर ११५ या ब्राउझरचा इन्स्टॉलरही. विंडोज ७ सोबत येणाऱ्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये आजच्या बहुतेक साइट उघडतच नाहीत.

रूफस या बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये विंडोज ७ चा ८ जीबीचा पेन ड्राइव्ह एमबीआर (डिस्कच्या विभागणीची जुनी पद्धत) आणि बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) या पर्यायांवर तयार केला. लॅपटॉप सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये सिक्युअर बूट (फक्त सही केलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) बंद केलं आणि स्टार्टअपमध्ये ‘लेगसी ओन्ली’ (फक्त जुन्या पद्धतीने सुरू होणं) निवडलं. सटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड एएचसीआय होता तो तसाच ठेवला. इन्स्टॉलनंतर तो बदलला तर निळा स्क्रीन येतो.

इथे बहुतेकांचं गाडं अडतं. पेन ड्राइव्ह डावीकडच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये लावला तर सेटअप सुरू होतो, पण पुढे सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही असा संदेश येतो. डीव्हीडीचा त्यात काही दोष नसतो. विंडोज ७ ला यूएसबी ३.० कळत नाही, म्हणून त्याला आपला स्वतःचाच पेन ड्राइव्ह दिसेनासा होतो. उजवीकडच्या यूएसबी २.० पोर्टमध्ये लावला की काम सरळ होतं.

दुसरी अडचण डिस्कची. विंडोज १० यूईएफआय (बायोसच्या जागी आलेल्या नव्या) पद्धतीने टाकलं असेल तर डिस्क जीपीटी (विभागणीची नवी पद्धत) असते आणि सेटअप तिथे विंडोज ७ टाकायला नकार देतो. शिफ्ट एफ१० दाबून आज्ञा टाइप करायची खिडकी आणि तिथे डिस्क सांभाळणारं डिस्कपार्ट उघडलं, लिस्ट डिस्कमध्ये आकारावरून आपली डिस्क ओळखली, ती सिलेक्ट केली, मग क्लीन आणि कन्व्हर्ट एमबीआर. क्लीन काहीही न विचारता क्षणात डिस्क रिकामी करतं. बाहेरची डिस्क लावलेली असेल तर आधी काढा!

इन्स्टॉल झाल्यावर आधी चिपसेट आणि लॅनचे ड्रायव्हर टाकले, बाकीचे नंतर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह राहिलं तर प्रॉपर्टीजमधला हार्डवेअर आयडी पाहून ड्रायव्हर शोधावा.

अपडेटमध्ये क्रम महत्त्वाचा. सर्व्हिस पॅक १ (विंडोज ७ चा एकत्रित मोठा अपडेट), मग केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९ (केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचा क्रमांक). हे दोन केबी नसतील तर नंतरच्या अपडेटवरची एसएचए-२ सही (अपडेट खरं असल्याची डिजिटल खूण) विंडोज ७ ला ओळखता येत नाही. दोन्ही फायली दुसऱ्या मशीनवर उतरवून आणल्या होत्या.

टायपिंगसाठी विंडोज ७ मध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीचा ठरावीक मांडणीचा) कीबोर्ड आहे, पण १० मधला फोनेटिक (उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरं टाइप करायचा) नाही.

डोंगल चालू झालं, छपाई जमली, तेव्हा बॅकअपमधल्या सिस्टिम इमेजने (सगळ्या प्रणालीच्या प्रतीने) सगळं एनटीएफएस (विंडोजची फाइल पद्धत) असलेल्या बाहेरच्या डिस्कवर घेतलं आणि विंडोज बिघडलं तर सुरू करायला लागणारी रिपेअर डिस्क सीडीवर लिहून त्या डिस्कसोबतच ठेवली.