चार चमचे आण

लेक चार वर्षांची होऊन तीन आठवडे झाले आणि इथली शाळा सुरू झाली. इंग्लंडमध्ये या वर्गाला रिसेप्शन म्हणतात, मुलाला चार पूर्ण झाली की त्यानंतरच्या सप्टेंबरात पाठवायचं, वय आपल्या ज्युनिअर केजीचं पण शाळा पूर्ण दिवसाची. गणिताच्या बाबतीत मी अगदी निवांत होते कारण आमच्या बाईंना इंग्लिशमध्ये शंभर आणि मराठीत वीसपर्यंत आकडे पाठ. रोज व्हिडिओ कॉलवर आजीचं "म्हण गं आकडे" झालं की ही सोफ्यावर उभी राहून एका दमात सुटायची, मध्ये सत्तावन्न अठ्ठावन्न इकडेतिकडे झालं तरी कोणाला पत्ता लागायचा नाही इतक्या स्पीडने, आणि मग तिकडून टाळ्या.

त्याच महिन्यात एकदा घरी जेवायला मंडळी होती, मी म्हटलं जा चार चमचे आण. ती मूठभर घेऊन आली. मी म्हटलं किती आहेत गं, तर तिने ओट्यावर पसरून बोट फिरवलं, तोंड पुढे आणि बोट मागे, आठवर थांबली. चमचे होते सहा. बरं, मी विचारलं मग किती आहेत? परत वन टू थ्री. अगं हो, पण किती? परत पहिल्यापासून वन टू थ्री, यावेळी सातवर. म्हणजे "किती" या प्रश्नाचं उत्तर तिच्या लेखी एक गाणं होतं, विचारलं की म्हणायचं, संपलं की संपलं. शेवटी जो आकडा आला तोच सगळ्या चमच्यांचा आकडा हे तिच्या गावीही नव्हतं. शंभर पाठ असलेली पोरगी!

पुढे जानेवारीत मी इथल्याच दुसऱ्या एका शाळेत टीए म्हणून लागले, टीचिंग असिस्टंट, म्हणजे पेन्सिली तासण्यापासून नाक पुसण्यापर्यंत सगळं, आणि दुसऱ्या सप्टेंबरात नवीन रिसेप्शनची बॅच पहिल्या दिवसापासून बघायला मिळाली. खरं सांगू, पहिले काही आठवडे मला वाटलं हे लोक वेळ काढतायत. एक, दोन, तीन. बास. महिनाभर एक दोन तीनच. तीन बिया, तीन टाळ्या, तीन उड्या, डाव्या हाताची तीन बोटं, दोन एका हाताची आणि एक दुसऱ्याचं. ख्रिसमसपर्यंत गाडी पाचाच्या पुढे फारशी सरकली नाही. आपल्याकडे एवढ्यात पालकसभेत राडा झाला असता.

टीचरला विचारलं तर ती हसली आणि म्हणाली अगं दहाच तर करायचेत. इथला सरकारी आराखडा २०२१ मध्ये बदलला, त्यात रिसेप्शनच्या शेवटी काय यायला हवं ते लिहिलंय: दहापर्यंतच्या संख्या नीट, आतून, म्हणजे सात हा पाच आणि दोन पण आहे आणि चार आणि तीन पण आहे हे माहीत असणं. पाचापर्यंतच्या वस्तू न मोजता नुसत्या बघून ओळखणं. पाचापर्यंतच्या जोड्या, म्हणजे दोन आणि तीन पाच असल्या, पाठ. तोंडी मोजणं मात्र वीसच्या पुढे. म्हणजे म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं हे चक्क कागदावर लिहिलेलं, आणि आम्ही घरी एकाच टाळीत दोन्ही उरकत होतो.

न मोजता ओळखणं म्हणजे काय तर सापशिडी खेळताना फाशावरचे पाच ठिपके आपण कुठे मोजतो, बघितलं की पाच. तेच.

ऑक्टोबरात इथे कॉन्कर पडतात. हॉर्स चेस्टनटच्या झाडाची बी, काटेरी हिरव्या कवचातून निघते, गडद चॉकलेटी, चकचकीत, हातात घेतली की थेट सागरगोट्यांची आठवण येते (खायची नाही, विषारी असते, हे पोरांना दिवसातून चार वेळा सांगावं लागतं). प्रत्येक पोराच्या कोटाच्या खिशात ही भरलेली. एकदा एक मुलगा सात कॉन्कर घेऊन माझ्यासमोर बसला आणि मोजायला लागला. टेबल थोडं उतरतं होतं, एक घरंगळलं, ते उचलून त्याने परत गोळ्यात टाकलं आणि परत मोजलं, नऊ झाले. परत मोजले, सहा. मी तोंड उघडणार तेवढ्यात टीचरने दहा अंड्यांचा रिकामा खोका आणून त्याच्यापुढे ठेवला, पाच खड्डे वर पाच खाली, आणि म्हणाली एकेकाला झोपव बघू. झालं, आता एका खड्ड्यात एक कॉन्कर आणि एका कॉन्करला एकच आकडा, तोंडाला बोटासाठी थांबावंच लागतं. वरची रांग भरली, खाली दोन. त्याने खोक्याकडे बघितलं, बोट न लावता म्हणाला सेव्हन. मग टीचरने सगळे परत टेबलावर ओतले, लांब लांब पसरवले आणि विचारलं आता किती? पठ्ठ्या म्हणाला टेन! पसरले म्हणजे वाढले. तिने "चूक" म्हटलंच नाही, नुसता खोका पुढे सरकवला.

हे खोक्याचं प्रकरण शाळेत छापील पण असतं, टेन फ्रेम म्हणतात, पाच-पाचच्या दोन रांगा. शिवाय नुमिकॉन नावाच्या प्लॅस्टिकच्या भोकाभोकांच्या पट्ट्या, प्रत्येक संख्येचा आकार वेगळा, रंग वेगळा, विषम संख्येचं एक भोक वर एकटंच राहिलेलं. छान आहेत पण महाग, आणि माझं प्रामाणिक मत विचाराल तर अंड्याचा खोका तेवढंच काम करतो.

एक बाहुला पण आहे वर्गात, तो मुद्दाम चुकीचं मोजतो. एक वस्तू दोनदा, नाहीतर एक गाळून, नाहीतर तीननंतर डायरेक्ट पाच. पोरं चवताळून उठतात. १९७८ मध्ये गेलमन आणि गॅलिस्टेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी मोजण्याचे पाच नियम मांडले होते: एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, शेवटचा आकडा म्हणजे एकूण, मोजायला काहीही चालतं, टाळ्यासुद्धा, आणि कुठूनही सुरू केलं तरी उत्तर तेच. बाहुला रोज यातला एकेक मोडतो. आमच्या चमच्यांचं गाडं तिसऱ्या नियमावर अडलं होतं हे मला तिथे उभी असताना कळलं, आणि जरा लाजच वाटली.

मला सगळ्यात आवडतं ते दूध. इथे पाच वर्षांखालच्या मुलांना शाळेत दूध फुकट मिळतं, पाच पूर्ण झाली की बंद, मग आईबापांनी पैसे भरायचे. त्यामुळे दुधाचे पॅक किती हवेत हे वर्षभर बदलत राहतं. आज कोण आलं नाही, कोणाचा वाढदिवस झाला, कोण दूध पीत नाही. दोन पोरं मदतनीस, ती टेबलावर प्रत्येक नावाच्या कार्डापाशी एकेक पॅक ठेवत जातात, एक उरला की चेहऱ्यावर मोठं कोडं, आणि मग आठवतं अरे ती तर काल पाच वर्षांची झाली. वजाबाकीचं चिन्ह यांनी अजून बघितलेलंही नाही!

आता सासूबाई. त्या सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेतून रिटायर झाल्या. मी हे सगळं उत्साहाने सांगायला लागले तर शांतपणे ऐकून म्हणाल्या, "अगं, आम्ही काय करत होतो मग? काड्यांचे गठ्ठे. दहा काड्या, एक रबर, झाला दशक. उरल्या त्या सुट्ट्या. मण्यांची माळ होती शंभराची, दहा लाल दहा पांढरे." मी म्हटलं, "आई, मग नातीला नुसते आकडे का म्हणायला लावता हो?" तर म्हणाल्या, "फोनवर काड्या कशा बांधू?" यावर काय बोलणार. आणि खरंच आहे, कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली ती आसपास मिळणाऱ्या दगड, पानं, बियांवरच. कॉन्करचं कौतुक इथे येऊन ऐकावं लागलं हा आमचा करंटेपणा.

पण एका बाबतीत सासूबाई अजून ठाम आहेत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" आलं, डॉ. मंगला नारळीकर समितीच्या प्रमुख होत्या, त्यांचं म्हणणं मराठी संख्यानावं आणि त्यातली जोडाक्षरं मुलांना जड जातात, आणि महाराष्ट्रभर जी काही खिल्ली उडाली ती आठवत असेल. सासूबाई तेव्हाही चिडलेल्या, अजूनही विषय निघाला की चिडतात. मी अधेमध्ये लोंबकळते. इंग्लिश पोरं सुद्धा ट्वेंटी नाइननंतर ट्वेंटी टेन म्हणतात आणि थर्टीन-थर्टीत गोंधळतात, सोपं कुठेच नाही. पण लेक एकदा "एकोणतीस म्हणजे तीसमध्ये एक कमी का गं?" म्हणाली तेव्हा वाटलं हे गमवायचं नाही, अख्खी वजाबाकी एका शब्दात आहे. फक्त तिच्या हातात आधी तीस काहीतरी हवं.

म्हणून घरी आता हेच चालू असतं. चार पोळ्या, प्रत्येकाला किती. जिन्याच्या पायऱ्या. खिडकीत तांदळाच्या डब्यात चिंचोके, ते सुट्टीत सासूबाईंनीच पिशवीत भरून दिले. शंभराचं गाणं आम्ही बंद नाही केलं हां, तेही लागतंच, क्रम तोंडात बसायला.

यंदा गणपतीला एकवीस मोदक केले, म्हणजे केले तेवीस, त्यातले दोन फुटले. लेकीने अंड्यांचे दोन खोके आणून त्यात केळीच्या पानाचे तुकडे टाकून मोदक मांडले, दोन्ही खोके भरले आणि एक बाहेर बशीत. फोनवर सासूबाईंना दाखवलं. त्या जरा वेळ बघत राहिल्या, म्हणाल्या, "हं. वीस एक." आणि लगेच, "पण म्हणायचं एकवीसच!"

आरतीची तयारी करून लेक परत आली, खोक्यांकडे एक नजर टाकली आणि ओरडली, "आई, वीसच आहेत!" मोजलं नाही, बोट लावलं नाही. दुसऱ्या खोक्याच्या कोपऱ्यात एक खड्डा रिकामा होता. तिकडून आजी विचारतेय नैवेद्याआधी कोणी खाल्ला, आणि हिचा बाबा पाठमोरा उभा राहून समईची वात नीट करतोय, तोंड मिटून.