रीत कुठे?

गेल्या महिन्यात ग्योटिंगेनला माझ्या गणितातल्या पीएचडीचा व्हायवा (तोंडी परीक्षा) झाला. बाहेर आले तर गटातली सगळी मंडळी पुठ्ठ्याची टोपी घेऊन दारात उभी. ही डॉक्टरहूट. जर्मनीत ती विद्यापीठाकडून मिळत नाही. बरोबरचे लोकच कात्री-डिंक घेऊन बनवतात आणि तिच्यावर तुमची यथेच्छ टर उडवतात. माझ्या टोपीवर एक मोडकी छत्री होती (मी इथे तीन हरवल्या), अर्धवट खाल्लेलं चॉकलेट होतं आणि मागे दोऱ्याला एक चिठ्ठी लटकत होती. तिच्याकडे येते.

इथे पीएचडीच्या मार्गदर्शकाला डॉक्टरफाटर म्हणतात, म्हणजे डॉक्टरेटचे वडील. बाई असेल तर डॉक्टरमुटर. एकाच मार्गदर्शकाचे विद्यार्थी ती भावंडं, आणि मार्गदर्शकाचे मार्गदर्शक ते आजोबा. सुरुवातीला मला हे सगळं जरा नाटकी वाटायचं. मग आमच्या आजोबांची फेस्टश्रिफ्ट हातात आली. प्राध्यापकाच्या साठीला किंवा निवृत्तीला विद्यार्थी आणि सहकारी आपापले लेख देऊन जो गौरवग्रंथ काढतात, तो हा. त्यात एका शिष्याने आजोबांच्याच जुन्या प्रमेयाची सिद्धता निम्म्या पानात बसवून दाखवली आहे. हार नाही, शाल नाही. ‘तुम्ही उगाच लांबून गेलात’, एवढंच. आजोबा हा किस्सा सगळ्यांना सांगत फिरतात.

टोपी घालून, सजवलेल्या हातगाडीत बसवून मला जुन्या टाउन हॉलसमोर नेलं. तिथल्या कारंज्यात गेन्झेलीझेल उभी आहे, हंस राखणारी पोरगी. नव्या डॉक्टरने वर चढून तिला फुलं द्यायची आणि तिचा मुका घ्यायचा. १९२६ मध्ये यावर बंदी आली होती, पण तिला कोण जुमानतंय! १९०१चा मूळ पुतळा आता संग्रहालयात आहे, त्यामुळे मी प्रतिकृतीचाच मुका घेतला. थंडगार होती.

गणितज्ञांची वंशावळ नेटवर आहे. गुरूच्या गुरूचा गुरू असं चढत गेले तर मी थेट गाउसपाशी, त्या थोर जर्मन गणितज्ञापाशी पोचले. फुशारकी नको, इथल्या बऱ्याच जणांचं मूळ तिथेच जातं. गाउसच्या वर नाव आहे फाफ यांचं, कारण १७९९ची त्याची डॉक्टरेट हेल्मश्टेटला त्यांच्याकडची. पण ब्राउनश्वाइगच्या शाळेत त्या पोराला कोणी हेरलं होतं? बार्टेल्स नावाच्या मदतनिसाने. गाउसहून जेमतेम आठ वर्षांनी मोठा. पोरांना पिसाच्या लेखण्या छाटून द्यायचं त्याचं काम. पण हा त्या मुलाबरोबर गणिताची पुस्तकं वाचत बसायचा. पुढे तो रशियात काझानला प्राध्यापक झाला आणि तिथे लोबाचेव्हस्की, युक्लिडपेक्षा वेगळी भूमिती मांडणारा, त्याच्या हाताखाली शिकला. म्हणजे वंशावळीत बार्टेल्स आहे, पण गाउसपासून त्याच्याकडे जाणारी रेघ नाही. शाळेतल्या मदतनिसाची रेघ कोण ओढणार?

मला आमच्या बाई आठवल्या. सातवी ते दहावी गणित. तोंडी हिशोब करून मी नुसतं उत्तर लिहायचे, आणि बाई लाल पेनाने बाजूला लिहायच्या, ‘उत्तर बरोबर. रीत कुठे?’ पाचपैकी दोन गुण. मी चिडून रडायचे, कारण उत्तर खरंच बरोबर असायचं.

पाच वर्षांत ते माझ्याही तोंडी बसलं. फळ्यावर कुणी दोन पायऱ्या गाळून उडी मारली की मी पुटपुटायचे, ‘रीत कुठे?’ गटाने अर्थ विचारला, मग तेही म्हणू लागले. आमच्या डॉक्टरमुटर तर माझ्या प्रबंधाच्या कच्च्या प्रतीवर रोमन लिपीत तेच लिहायच्या. लाल पेनाने.

चिठ्ठीवर तेच होतं, पण देवनागरीत. माझ्या एका जर्मन ‘भावाने’ कुठून तरी अक्षरं बघून गिरवली होती, शिरोरेषा पट्टीने मारलेली.

फोटो बाईंना पाठवला. त्या आता पंचाहत्तरीच्या आहेत. दोन दिवस दोन निळ्या खुणा, उत्तर काही नाही. तिसऱ्या दिवशी नातवाकडून टाइप करून घेतलेला मेसेज आला:

‘अगं, अभिनंदन. फार आनंद झाला. त्या मुलाला सांग, रीत दीर्घ.’