स्टिमॅच यांच्या कारकिर्दीसाठी तीनशे शब्द

सोमवार, १७ जून २०२४. संध्याकाळी क्रीडा पानाची जुळवाजुळव संपत आलेली असताना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे पत्रक आले. राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक, क्रोएशियाचे माजी बचावपटू इगोर स्टिमॅच यांना तत्काळ पदमुक्त करण्यात आले होते. पानाचा वरचा भाग ट्वेन्टी-२० विश्वचषकाने आधीच अडवला होता, खाली जर्मनीतली युरो स्पर्धा होती आणि रात्री साडेनऊला सुरू होणाऱ्या बेल्जियम-स्लोव्हाकिया सामन्यासाठी दोन कॉलम राखून ठेवले होते. आमच्या मुख्य उपसंपादकांनी महासंघाच्या निर्णयाची बातमी दुसऱ्या सहकाऱ्याकडे दिली आणि कारकिर्दीची चौकट माझ्याकडे सोपवली. शब्दमर्यादा तीनशे.

आकड्यांचा तक्ता करायला बसलेली नवी उपसंपादक थोड्याच वेळात माझ्या टेबलाशी आली. "सर, क्रोएशियाकडून खेळलेले सामने ५३ आणि भारताचे प्रशिक्षक म्हणूनही ५३ आलेत. एक आकडा चुकून दोनदा पडलाय का?" शंका रास्त होती. डेस्कवर असले प्रकार रोज घडतात, त्यामुळे आम्ही दोघांनी नोंदी पुन्हा ताडून पाहिल्या आणि दोन्ही आकडे बरोबर निघाले. खेळाडू म्हणून ५३ सामने आणि दोन गोल. भारताचे प्रशिक्षक म्हणून ५३ सामन्यांत १९ विजय, १४ बरोबरी आणि २० पराभव. चौकटीची सुरुवात याच योगायोगाने करण्याचा मोह मला झाला, पण तो आवरला, कारण असल्या आकड्यातून माणूस कळत नाही.

स्टिमॅच कळायचे असतील तर ८ मे १९९१ चा बेलग्रेडमधला युगोस्लाव्ह चषकाचा अंतिम सामना सांगायलाच हवा, असे माझे मत होते आणि आजही आहे. जेमतेम आठवड्यापूर्वी बोरोवो सेलो या गावात झालेल्या चकमकीत बारा क्रोएशियन पोलीस मारले गेले होते आणि देश फुटण्याच्या बेतात होता. अशा वेळी स्टिमॅच यांचा क्लब, क्रोएशियातल्या स्प्लिटचा हायदुक आणि सर्बियातल्या बेलग्रेडचा रेड स्टार समोरासमोर आले. रेड स्टारचा सिनिशा मिहायलोविच याचे घर त्याच बोरोवो परिसरातले. त्या सामन्यात तो आणि स्टिमॅच एकमेकांना इतके भिडले, की पंचांनी दोघांनाही बाहेर काढले. आलेन बोकशिचच्या गोलने हायदुक १-० असा जिंकला. मागाहून बावीस वर्षे हे वैर दोघांच्या नावांना चिकटून राहिले. पुढे २०१३ च्या मार्चमध्ये झाग्रेबला क्रोएशिया-सर्बिया पात्रता सामना झाला तेव्हा यजमानांचे प्रशिक्षक स्टिमॅच होते, पाहुण्यांचे मिहायलोविच, आणि सामन्याआधी दोघांनी हस्तांदोलन केले. क्रोएशियाने तो सामना २-० असा जिंकला. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडकडून हरल्यावर स्टिमॅच यांचे पद गेले आणि त्यांच्या जागी निको कोवाच आले.

बाकीची कारकीर्द मी भराभर उरकली. मेटकोविचमध्ये जन्म, १९८७ मध्ये चिलीत युवा विश्वचषक जिंकणाऱ्या युगोस्लाव्हियाच्या संघात स्थान, स्पेनमध्ये काडिझ, पुन्हा हायदुक, नंतर इंग्लंडमध्ये डर्बी काउंटी आणि वेस्ट हॅम. १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या बचावफळीत ते होते. डर्बीचा किस्सा मला विशेष आवडतो. १९९५ मध्ये तिथल्या पहिल्याच सामन्यात त्यांनी गोल केला आणि संघ ५-१ असा सपाटून हरला. पण त्यानंतर डर्बी सलग २० सामने अपराजित राहिला आणि मोसमाअखेर प्रीमियर लीगमध्ये पोहोचला.

भारताचा भाग लिहिताना मात्र हात आखडू लागला. २०१९ च्या मे महिन्यात ते आले. किंग्स चषकातल्या पहिल्याच सामन्यात त्यांनी मुंबईचा राहुल भेके, गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस आणि सहल अब्दुल समद यांना पदार्पणाची संधी दिली, आणि सप्टेंबरमध्ये सुनील छेत्रीविना उतरलेल्या संघाने दोहा येथे आशियाई विजेत्या कतारला गोलशून्य बरोबरीत रोखले. २०२१ आणि २०२३ मध्ये दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकली, जागतिक क्रमवारीत भारत ९९ व्या स्थानी आला. त्यातही अरेला कारे करण्याचा स्वभाव सुटला नाही. बेंगळुरूत पाकिस्तानविरुद्ध भारत आघाडीवर असताना थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूच्या हातातला चेंडू त्यांनी हिसकावला आणि लाल कार्ड घेतले. बचावपटूला शोभणारा हा आडदांडपणा प्रशिक्षकाला परवडत नाही, असे मला तेव्हाही वाटले होते. पुढे आशियाई चषकात तीन सामने, तीन पराभव आणि एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ अशी हार. विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत संघाला नेता आले नाही तर आपण जाऊ, असे ते स्वतः म्हणाले होते. ११ जूनला कतारकडून हरल्यावर ती वाट बंद झाली, राजीनामा मात्र आला नाही.

दोहात झालेल्या त्या कतार सामन्याचा एक परिच्छेद मी लिहून ठेवला होता. लालियानझुआला छांगतेच्या गोलने भारत पुढे असताना ७३ व्या मिनिटाला गुरप्रीतसिंग संधूने अडवलेला चेंडू गोलरेषेबाहेर गेल्याचे दिसत होते. तो पुन्हा आत ओढला गेला, युसुफ आयमेनने जाळ्यात मारला आणि पंचांनी गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे पंचांना चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय, नव्हते. नंतर कतारने आणखी एक गोल करून सामना २-१ असा जिंकला.

मी चौकट पुरी करत होतो तोवर समोरच्या टीव्हीवर फ्रँकफर्टचा बेल्जियम-स्लोव्हाकिया सामना रंगला होता. बेल्जियमच्या लुकाकूचा एक गोल ऑफसाइडमुळे आधीच रद्द झाला होता. शेवटी शेवटी त्याने दुसरा मारला, तर त्याआधी सहकाऱ्याच्या हाताला झालेला निसटता स्पर्श चेंडूतल्या सेन्सरने पकडला आणि तोही गेला. पडद्यावर त्या स्पर्शाचा आलेख उमटला तेव्हा डेस्कवर कोणीतरी म्हणाले, "दोहाला साधा कॅमेरा असता तरी भागलं असतं!" यावर वाद घालायला कोणाकडे वेळ नव्हता. तरी माझ्या मते तो गोल अन्यायाचाच होता. पण स्टिमॅच यांचे पद त्या एका गोलने गेले, असे लिहिणे खरे ठरले नसते. पात्रता फेरीतल्या सहा सामन्यांत पाच गुण ही कमाई कोणत्याही पंचाच्या माथी मारता येत नाही.

स्लोव्हाकियाने बेल्जियमला १-० असे हरवले आणि युरोची बातमी वाढली. मुख्य उपसंपादकांनी चौकटीतून साठ शब्द काढायला सांगितले. त्यांचा रोख बेलग्रेडवर होता. आपल्या वाचकाला तिकडच्या भांडणाशी काय देणेघेणे, असे त्यांचे म्हणणे. मी डर्बीचा किस्सा आणि काडिझ काढले, बेलग्रेड राहू दिले. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि पान छपाईला सोडले.

चारच दिवसांनी स्टिमॅच यांनी ऑनलाइन पत्रकार परिषद घेतली. महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे जितक्या लवकर पद सोडतील तितके भारतीय फुटबॉलसाठी बरे, असे ते उघड म्हणाले, आणि आशियाई चषकानंतर आपल्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागल्याचेही त्यांनी सांगितले. करार २०२६ पर्यंत होता, त्यामुळे भरपाईचा वाद पेटला आणि अखेर ४ लाख डॉलरवर मिटला. तोवर एफसी गोवाचे मानोलो मार्केझ नवे प्रशिक्षक म्हणून नेमलेही गेले होते. तडजोडीची बातमी आम्ही एका कॉलमात घेतली.